गटारातील रिकामी जागा

अमेरिकेतील इंडियाना राज्यातले साउथ बेंड हे सुमारे एक लाख वस्तीचे शहर. तेथील जुन्या भागात घरांचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच भूमिगत वाहिनीतून वाहते. मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या वेगवेगळ्या असल्याने ही रचना आपल्याला विचित्र वाटेल. परंतु अमेरिकेतील अनेक जुन्या शहरांत ती आजही आहे. जोराचा पाऊस झाला की मुख्य वाहिनीत न मावणारे मैलामिश्रित पाणी, त्यासाठीच बांधलेल्या बुटक्या बांधावरून ओसंडून, थेट सेंट जोसेफ नदीत जाते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे आणखी मोठे नळ आणि साठवण टाक्या. तो अतिशय खर्चिक असतो. मात्र पाऊस शहरभर सारखा पडत नाही. एका भागातील वाहिनी तुडुंब भरलेली असताना दुसऱ्या भागातील वाहिनी अर्धी रिकामी असू शकते. ही रिकामी जागा नेमकी कोठे आहे, हे समजण्यासाठी शहराने नोत्र दाम विद्यापीठातील संशोधनाचा आधार घेऊन 2008 च्या सुमारास शंभराहून अधिक संवेदक गटारांत बसवले.

पाण्याची पातळी मोजण्याची एक सोपी रीत म्हणजे वरून ध्वनिलहरी सोडून तिचा प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागतो ते पाहणे. अवघड असते ते यंत्र टिकवणे. मैल्यातील जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि नळाच्या ओलसर छतावर त्याचेच पुढे सल्फ्युरिक आम्ल बनते, जे काँक्रीटही खाऊन टाकते. शिवाय मॅनहोलचे लोखंडी झाकण रेडिओ संदेश अडवते.

या नोंदींचा पहिला उपयोग झाला तो कोरड्या दिवसांत. पाऊस नसताना गटारातील पातळी रोज ठरावीक लयीत चढते-उतरते, कारण सकाळी सगळे शहर एकदमच नळ सोडते. ती लय मोडून पातळी हळूहळू वर सरकू लागली, तर पुढे गाळ किंवा चरबी साचली असल्याचा संशय घ्यावा आणि सफाईचे पथक थेट तेथेच पाठवावे. त्यामुळे वाहिनी तुंबून ऐन उन्हातही नदीत जाणारा मैला जवळजवळ थांबला.

त्यानंतर संगणकाच्या आज्ञेने उघडझाप करणाऱ्या झडपा आल्या. त्यांची पद्धत मला सर्वांत चतुर वाटते, कारण ती चक्क बाजारासारखी चालते: जेथे पाणी चढत आहे तो भाग मुख्य वाहिनीतील जागेसाठी जास्त बोली लावतो, निवांत भाग मागे सरतो, आणि हा सौदा काही मिनिटांनी पुन्हा नव्याने होतो. नदीत ओसंडणाऱ्या पाण्याचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला 380 कोटी लिटरच्या आसपास घटले.

नवे बांधकाम मात्र पूर्णपणे टळले नाही. शहराच्या आधीच्या आराखड्याचा खर्च 71.3 कोटी डॉलर होता. 2021 मध्ये अमेरिकेच्या केंद्र शासनाशी झालेल्या सुधारित करारात तो 27.6 कोटींवर आला.