पार्श्वभूमी : ट्रॅव्हल झूमचं वजन उतरलं कसं

प्रवासात एकच लेन्स न्यायची तर कोणती, असं विचारलं की आज जी उत्तरं येतात ती जवळपास एकाच साच्यातली असतात. २४ किंवा २८ मिमीपासून (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, म्हणजे वाइड) निघून १०५, २०० किंवा त्याही पुढे (दूरचं जवळ आणणारं टोक, म्हणजे टेली) जाणारा झूम, वजन ४०० ते ७०० ग्रॅम, आणि टेलीकडे सरकताना मंदावत जाणारं, म्हणजे कमी प्रकाश आत घेणारं, अपर्चर (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी). झूमचा इतिहास साठ वर्षांहून जुना असला तरी हा साचा २००५ नंतरच पक्का झाला. त्यामुळे आधीचं थोडक्यात.

३५ मिमी फिल्मच्या स्टिल कॅमेऱ्यासाठी पहिला झूम १९५९ मध्ये जर्मनीतून आला : ३६-८२ मिमी, एफ/२.८, वजन पाऊण किलोच्या वर. १९६३ मध्ये जपानमधून ४३-८६ मिमीचा झूम आला. तो आटोपशीर होता, खपलाही चांगला, पण सरळ रेषा वाकवण्यात बदनाम झाला. त्या पिढीचे प्रवासी फोटोग्राफर ५० मिमीची प्राइमच (झूम न होणारी लेन्स) गळ्यात घालून हिंडले. कारण उघड आहे. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४ किंवा १०० ची, भरपूर उजेड मागणारी स्लाइड फिल्म असताना एफ/५.६ म्हणजे ऊन उतरलं की काम बंद.

१९८५ च्या सुमारास २८-२१० मिमीचा झूम निघाला. १९९२ मध्ये एका जपानी कंपनीने २८-२०० मिमीची पल्लेदार लेन्स एवढी छोटी केली की ती रोजच्या पिशवीत मावू लागली. मात्र तिला दोन मीटरच्या आतलं काही फोकस होत नसे. टेबलापलीकडे बसलेल्या सोबत्याचा फोटो काढायचा तर खुर्ची सोडून मागे जायचं. पुढच्या आवृत्त्यांत ही अडचण कमी झाली. १९९५ मध्ये लेन्सच्या आतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) आलं आणि मंद अपर्चरचा डाग बराच पुसला गेला. हलता विषय सोडून, अर्थात. पळणाऱ्या पोराला स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही.

डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, जमान्यातलं वळणाचं वर्ष २००५. त्या वर्षी एपीएस-सी या लहान सेन्सरसाठी स्टॅबिलायझेशन असलेली १८-२०० मिमी जाहीर झाली. ५६० ग्रॅम वजन आणि फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत साधारण २७-३०० मिमीचा पल्ला. दुकानात ती मिळणंच मुश्कील झालं होतं. तिची एक खोड वापरणाऱ्यांना लगेच कळे. कॅमेरा गळ्यात अडकवून चालू लागलं की नळी स्वतःच्या वजनाने घसरत खाली येई, आणि कॅमेरा उचलावा तर लेन्स लांबलचक झालेली. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने फुल फ्रेमसाठी २४-१०५ मिमी, सलग एफ/४, ६७० ग्रॅमची लेन्स आणली. पल्ला हवा की दर्जा, हा वाद तिथून रंगला, आणि पल्लेवाले आकड्यांच्या मागे धावत सुटले : २५०, २७०, ३००, आणि २०१७ मध्ये थेट १८-४००. एवढं ताणूनही अपर्चर एफ/६.३ पेक्षा मंद झालं नाही. डीएसएलआरमधला ऑटोफोकस सर्वसाधारणपणे एफ/५.६ पर्यंतचा प्रकाश धरून आखलेला असे. त्याहून फार मंद लेन्स लावली की तो चाचपडायचा, म्हणून एफ/६.३ हीच ताणण्याची हद्द.

वजन खरं उतरलं ते मात्र एका वेगळ्याच निर्णयामुळे. खोक्यावर त्याचा उल्लेख कधी नसतो. तो निर्णय असा : लेन्सने रेषा वाकवल्या तर वाकवू द्यायच्या, कॅमेरा त्या सरळ करेल.

याची सोय आरशाने अडवून धरली होती. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते लेन्समधून आलेलं, आरशावरून वर गेलेलं जसंच्या तसं दृश्य. लेन्सने दाराची चौकट फुगवली तर डोळ्याला फुगलेलीच दिसणार. जेपेगमध्ये नंतर दुरुस्ती करता येत होती, पण डोळ्यासमोरचं लपवता येत नव्हतं, त्यामुळे डिझायनरला ती काचेतच निस्तरावी लागे. वाइडपासून टेलीपर्यंत जाणाऱ्या झूममध्ये हे भलतंच महागात पडतं. वाइडकडे रेषा बाहेर फुगतात, थोडं झूम केलं की आत दबतात. दोन्ही टोकं एकाच काचसंचात सांभाळायची तर जास्त काचा आणि मोठा पुढचा भाग, म्हणजेच वजन.

२००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या नव्या प्रणालीतला पहिला कॅमेरा आला आणि आरसा गेला. डोळ्याला दिसणारं दृश्य आता सेन्सरवरून, प्रोसेसरमधून सरळ होऊनच स्क्रीनवर येऊ लागलं. लेन्स आपल्या विकृतीची माहिती कॅमेऱ्याला देते, कॅमेरा ती रॉ फाइलमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ठेवतो आणि बहुतेक सॉफ्टवेअर ती न विचारता लागू करतात. वापरणाऱ्याला मूळ चित्र कधी दिसतच नाही. ही माहिती न वाचणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये हल्लीच्या हलक्या झूमची २४ मिमीची रॉ फाइल उघडली तर धक्का बसतो. क्षितिज धनुष्यासारखं, आणि काही लेन्सच्या बाबतीत चारही कोपरे चक्क काळे, कारण प्रकाशाचं वर्तुळ कोपऱ्यांपर्यंत पोचलेलंच नसतं. सरळ करताना ते कोपरे ताणले जातात आणि काळा भाग चौकटीबाहेर फेकला जातो. त्यासाठी लेन्स मुळातच २४ मिमीपेक्षा थोडं रुंद दृश्य घेते.

यावर ओरड झाली आणि अजून होते. एका बाजूचं म्हणणं, ही ग्राहकाची फसवणूक आहे : पैसे काचेचे घ्यायचे आणि काम सॉफ्टवेअरकडून उरकायचं. ताणलेल्या कोपऱ्यात नवा तपशील येत नाही, आहे तोच पसरतो. कोपरे उजळले की तिथला नॉइजही, म्हणजे दाणेदारपणाही, उजळतो. दुसरी बाजू म्हणते, डिस्टॉर्शनच्या, म्हणजे रेषा वाकण्याच्या, जाचातून सुटलेला डिझायनर आपली ताकद कोमासारख्या (कडेचे प्रकाशबिंदू शेपटीसारखे पसरवणाऱ्या) दोषांवर लावू शकतो, आणि ते दोष सॉफ्टवेअरला धडपणे निस्तरता येत नाहीत. वजनाचा फायदा तर तराजूवर दिसतोच. एकाच कंपनीची स्टॅबिलायझेशन असलेली २४-१०५ मिमी २०१४ मध्ये डीएसएलआरसाठी ५२५ ग्रॅमची होती. २०२० मध्ये मिररलेससाठी, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, आली ती ३९५ ग्रॅमची. त्यातला काही वाटा एफ/५.६ वरून एफ/७.१ वर घसरलेल्या अपर्चरचा आहे, सगळा सॉफ्टवेअरचा नव्हे.

मला दुसऱ्या बाजूचं पटतं, पण अर्धंच. डोंगर, बाजार, माणसं यांच्या फोटोत ताणलेला कोपरा कोणी शोधत बसत नाही. चौकटभर ताऱ्यांचं आकाश किंवा कोरीव कामाने कडेपर्यंत भरलेली भिंत असेल, तर मात्र किंमत २४ मिमीलाच मोजावी लागते, आणि प्रवासात तेच टोक सर्वात जास्त लागतं. खरी चीड येते ती लपवाछपवीची. काचा किती, अपर्चरच्या पात्या (ब्लेड) किती, फिल्टरचा व्यास किती, सगळं छापतात. दुरुस्तीआधी कोपऱ्याची अवस्था काय, हे छापत नाहीत. काही लेन्स लावल्या की कॅमेऱ्याच्या मेनूतला डिस्टॉर्शन करेक्शनचा पर्याय बंदही करता येत नाही.

आरसा गेल्याने एफ/५.६ ची अटही सैल झाली. सेन्सरवरचा ऑटोफोकस एफ/७.१ वर, एफ/८ वरही जमवून घेतो. आरसा जाण्याचे परिणाम पटापट दिसले : २०२० मध्ये २४-२०० मिमी ५७० ग्रॅममध्ये, २०२४ मध्ये २८-२०० मिमी ४१३ ग्रॅममध्ये. फुल फ्रेमच्या या लेन्स जुन्या एपीएस-सी झूमच्या तोडीला किंवा त्याहून हलक्या आहेत. २८ पासून सुरुवात केली की वजन आणखी वाचतं, म्हणून बऱ्याच कंपन्या तिकडे वळल्या. पण ४ मिमीचा हा फरक कागदावर दिसतो तेवढा किरकोळ नाही. २४ मिमीला तिरकस कोन ८४ अंशांचा, २८ ला ७५ चा. अरुंद गल्लीत पाठ भिंतीला टेकली की मागे सरकायला जागा नसते आणि कळस चौकटीबाहेर राहतो. टेलीकडे कमी पडलं तर फोटो कापून घेता येतो. वाइडकडे न आलेलं मात्र नंतर आणता येत नाही.

२०२४ मध्येच आलेली २८-४०० मिमी ७२५ ग्रॅमची आहे, आणि ४०० ला एफ/८. फिल्मच्या काळात हा आकडा ऐकून कोणी दुकानाची पायरीही चढलं नसतं. आता आयएसओ ६४०० वर फोटो काढून नॉइज सॉफ्टवेअरने उतरवता येतो, म्हणून ती विकली जाते.