स्टिचिंग पोनी आणि स्टिचिंग क्लॅम : चामडे हाताने शिवण्यासाठी घरी काय बनवावे?

चामड्याचे पाकीट किंवा कमरेचा पट्टा हाताने शिवायचा असेल तर दोन्ही हात सुयांमध्ये गुंतलेले असतात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, प्रत्येक छिद्रातून एक सुई डावीकडून आणि दुसरी उजवीकडून नेण्याच्या या पद्धतीला सॅडल टाका म्हणतात. वापरता वापरता एके ठिकाणी दोरा झिजून तुटला, तरी त्याच छिद्रांतून गेलेला दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. शिलाई यंत्राच्या टाक्यात मात्र वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असल्यामुळे एक तुटला की शिवण उसवू लागते. हा टाका सारखा पडण्यासाठी काम घट्ट आणि उभे धरून ठेवणारे साधन लागते. अशी लाकडी साधने प्रामुख्याने दोन आहेत, आणि छायाचित्रात ती इतकी सारखी दिसतात की घरी बनवणारा माणूस पुष्कळदा मापे एकाची घेतो आणि साहित्य दुसऱ्याचे आणतो.

दोन्हींत दोन उभ्या पट्ट्या असतात, त्या वरच्या टोकाला एकमेकींना भिडतात आणि त्या जबड्यांना आतून चामड्याचे अस्तर असते. दाब कुठून येतो हे पाहिले की दोन्ही वेगळी ओळखता येतात. पोनीमध्ये तो बोल्ट आणि विंग नट, म्हणजे दोन कान असलेला, हातानेच फिरवता येणारा नट, आवळून निर्माण होतो. क्लॅममध्ये बोल्ट नसतोच. बाहेरच्या बाजूला बाक दिलेल्या दोन लांब पट्ट्या खाली एका ठोकळ्याला पक्क्या केलेल्या असतात आणि लाकडाच्या स्वतःच्या ताणामुळे जबडे कायम मिटलेले राहतात. स्वयंपाकघरातला चिमटा दाबल्यावर मिटतो, क्लॅम मात्र हाताने फाकवल्यावर उघडतो आणि सोडला की आपोआप मिटतो.

पोनीला बसण्याची एक आडवी फळी असते. ती मांडीखाली घ्यायची, म्हणजे आपल्याच वजनाने साधन जागेवर राहते. घरी बनवायला १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड पुरेसा आहे, आणि तो पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तुकड्यांतही मिळू शकतो. एक जबडा फळीवर घट्ट बसवावा आणि दुसरा बिजागरीवर हलता ठेवावा. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, अगदी तळाशी, तीन-चार सेंटिमीटर जाडीचा ठोकळा असावा. तो नसेल तर पट्ट्या सपाट एकमेकींवर बसतात, नट आवळल्यावर मधला भाग आधी मिटतो आणि वरचे ओठ, जिथे खरी पकड हवी, तिथेच फट राहते. ठोकळा असला की पट्ट्या आतल्या बाजूला कलतात आणि ओठ सर्वांत आधी भिडतात. त्या ओठांचा आतला पृष्ठभाग रंध्याने थोडा तिरका करून घ्यावा, म्हणजे चामड्यावर नुसती कड न टेकता पूर्ण सपाट भाग टेकतो.

बोल्ट किती उंचीवर घ्यायचा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण पोनी चांगली किंवा वाईट ठरते ती इथेच. बिजागरीपासून ओठापर्यंतची लांबी ४० सेंटिमीटर धरली आणि बोल्ट बरोबर मध्यावर, म्हणजे २० सेंटिमीटरवर घेतला, तर तरफेच्या नियमाने बोल्टच्या ताणाचा निम्माच भाग ओठापर्यंत पोचतो. तोच २७ सेंटिमीटरवर घेतला तर सुमारे दोन तृतीयांश पोचतो. मात्र बोल्ट जितका वर, तितकी वरची खोली कमी, कारण रुंद काम आत सरकवताना ते बोल्टला अडते. पाकिटे, चाव्यांचे कव्हर आणि पट्टे एवढेच करायचे असेल तर बोल्ट वर घेण्यात काही गमावत नाही. बोल्ट ८ मिलिमीटरचा घ्यावा, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घालावेत आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये बोल्टवर एक दाबाची स्प्रिंग ओवावी, म्हणजे नट सैल करताच जबडा आपोआप उघडतो. हे लोखंडी सामान बोहरी आळीत एका फेरीत मिळण्यासारखे आहे.

क्लॅमची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे लाकूड हेच यंत्र आहे. पट्ट्या साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर लांब आणि सात-आठ सेंटिमीटर रुंद असतात. पूर्वी युरोपात अशा क्लॅमसाठी जुन्या लाकडी पिंपांच्या फळ्याही वापरल्या जात, कारण त्यांना बाक आधीच असतो. आपल्याकडे सरळ फळीतून बाक कोरून काढण्याचा मोह होतो आणि तो टाळावा, कारण कोरताना लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि ताण पडला की पट्टी तिथेच चिरते. त्यापेक्षा ३ किंवा ४ मिलिमीटरच्या प्लायचे तीन थर, वरच्या पापुद्र्याच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवून, बाक दिलेल्या साच्यावर फेविकॉलने चिकटवावेत आणि सी क्लॅम्प लावून रात्रभर तसेच ठेवावेत. गोंद वाळल्यावर थर एकमेकांवर सरकू शकत नाहीत आणि बाक टिकतो. बुरूड आळीतल्या बांबूच्या कांबीही लवचिकतेला उत्तम आहेत, पण एक कांब पुरेशी रुंद नसते. दोन-तीन कांबी शेजारी जोडून आतल्या गाठी तासाव्या लागतात, आणि नवख्याने हे काम पहिल्याच साधनासाठी हाती घेऊ नये असे माझे मत आहे.

वापरण्याची बैठकही दोन्हींची वेगळी आहे. क्लॅम खुर्चीवर किंवा स्टुलावर बसून, एका मांडीवरून आणि दुसरीखालून तिरका घेऊन धरतात. खालचे टोक जमिनीला टेकते आणि मांडीच्या दाबाने पकड आणखी वाढवता येते. मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्याला एवढे लांब साधन पायांत सामावून घेणे अवघड जाते, तर पोनीची फळी सतरंजीवरही तितकीच स्थिर राहते. सदनिकेतल्या एका कोपऱ्यात, संध्याकाळी तासभर काम करणाऱ्यासाठी मी पोनीच सुचवेन. लांब शिवणी असलेल्या पिशव्या करणाऱ्याला मात्र क्लॅमचे मोल लगेच कळते, कारण दर दहा-बारा टाक्यांनी काम पुढे सरकवताना तिथे नट सोडवावा लागत नाही, एका हाताने जबडा फाकवला की झाले.

पुण्यातल्या पदपथांवर बसणारे चर्मकार या दोन्हींपैकी काहीच वापरत नाहीत, याचे काहींना नवल वाटते. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते. ती आरी चामड्यातून पार करून खालचा दोरा फासासारखा वर ओढतात आणि त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक घालून आवळतात. जोडा गुडघ्यांत धरला की एक हात आरीला आणि एक दोऱ्याला एवढे पुरते. तो टाका वेगळा आहे आणि त्याची गरजही वेगळी आहे.

अस्तराबाबत दोन्ही साधनांना एकच नियम लागू पडतो. झाडांच्या साली वगैरेंच्या वनस्पतिजन्य अर्काने कमावलेल्या चामड्यावर लाकडाचा व्रण सहज उमटतो, म्हणून ओठांना मऊ आणि न रंगवलेले चामडे चिकटवावे. काम पकडताना छिद्रांची ओळ ओठांच्या वर एक सेंटिमीटरहून कमी अंतरावर ठेवावी, नाहीतर दोरा ओढताना चामडे वाकते आणि टाके तिरके पडतात. पुण्याच्या पावसाळ्यात या अस्तरावर बुरशी येते आणि ती कामावर उतरते. तेव्हा जून ते सप्टेंबर साधन बंद कपाटात न ठेवता उघड्यावर, जबडे थोडे फाकवून ठेवावे. क्लॅम असेल तर ओठांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवावा, पण तो पातळ असावा, कारण जाड तुकड्याने महिनोन्महिने ताणलेली पट्टी आपला बाक आणि त्याबरोबर पकडही गमावते.