स्लो जेट तुंबलाय की गाडी हवा ओढतेय?

सकाळी बुलेट काढायची. चोक वर करायचा, डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा आणि सणसणीत किक मारायची. गाडी सुरू होते, दोन मिनिटं ठोकेही छान पडतात. चोक खाली केला की मात्र ठोके विरळ होत जातात आणि गाडी बंद. पुन्हा किक मारून मूठ थोडी पिळून धरली तर चालते, सोडली की बंद. रस्त्याला लागल्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात कसलीच तक्रार नाही. फक्त उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके. प्लग काढून पाहावा तर तपकिरी असायला हवा तो पांढुरका.

गॅरेजमध्ये या दुखण्यावर एकच निदान ऐकायला मिळतं, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण हीच्या हीच लक्षणं दुसऱ्या एका दोषातही दिसतात. त्यात कार्बोरेटर आतून स्वच्छ असतो आणि हवा भलत्याच वाटेने इंजिनात शिरत असते. दोन्हींत पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं. एकात पेट्रोल कमी पडतं म्हणून, दुसऱ्यात हवा जास्त होते म्हणून. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. म्हणून पाना हातात घेण्याआधी कुठला दोष आहे हे ठरवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी इथे कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० बुलेटबद्दल आणि तिच्यावरच्या मिककार्ब व्हीएम २४ या कार्बोरेटरबद्दल लिहितोय. पण स्लाइडचा (मुठीने वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कार्बोरेटर असलेल्या आरएक्स १०० किंवा येझदीलाही यातलं बरंचसं लागू पडतं. त्या टू-स्ट्रोक असल्यामुळे तिथे क्रँकचे ऑइल सील हीही हवा शिरायची एक जागा असते, एवढं ध्यानात ठेवा.

आधी दोन्ही दोष एकसारखे का दिसतात ते पाहू. मूठ सोडलेली असते तेव्हा स्लाइड जवळजवळ बंद असते. पिस्टन ओढ तर लावतोच, त्यामुळे स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, जोरदार पोकळी तयार होते. तिथे कार्बोरेटरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. स्लो जेटमधून, म्हणजे मूठ सोडलेली असतानाचं पेट्रोल मोजणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी भागातून, आलेलं पेट्रोल हवेत मिसळून त्या भोकातून बाहेर पडतं. आयडलिंगचा, म्हणजे मूठ सोडून गाडी जागेवर चालू राहण्याचा, सगळा संसार एवढ्यावर चालतो. स्लो जेट तुंबला की हा पुरवठा थांबतो. कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड यांच्या जोडात फट असेल तर पोकळीच्या जोराने बाहेरची हवा आत येते. ती कुठल्याच जेटने मोजलेली नसते. मूठ उघडली की स्लाइडला लावलेली सुई वर येते, वेगासाठीच्या मेन जेटचं पेट्रोल सुरू होतं, पोकळी कमी होते आणि फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. म्हणून वेगात दोन्ही दोष दडून बसतात. चोक ओढला की वेगळ्या वाटेने जास्तीचं पेट्रोल येतं आणि दोन्ही दोष झाकले जातात. ‘चोकवर चालते’ एवढ्यावरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही.

खरी परीक्षा एअर स्क्रूची. व्हीएमवर बाजूला दोन स्क्रू असतात. मोठा स्क्रू स्लाइडला टेकू देतो, तो आयडलिंगचा. छोटा फिल्टरच्या बाजूला असतो, तो एअर स्क्रू. तो आत घेतला की स्लो जेटला मिळणारी हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होतं, बाहेर काढला की पातळ. काही कार्बोरेटरांवर हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो. तो पेट्रोलचा स्क्रू, त्याचा हिशेब उलटा.

इंजिन चांगलं गरम करा आणि एअर स्क्रू हळूहळू आत घ्या. जेट पूर्ण तुंबलेला असेल तर काहीही फरक पडत नाही, अगदी टेकेपर्यंत आत घेतला तरी. जिथे पेट्रोलच येत नाही तिथे हवा कमी करून काय होणार? गाडी हवा ओढत असेल तर स्क्रू आत जाईल तसे ठोके सुधारतात, आणि पूर्ण आत गेल्यावरही अजून थोडं घट्ट मिश्रण हवंय असं वाटत राहतं.

या परीक्षेत एक चूक फार होते. गाडी बंद पडते म्हणून लोक आधी आयडलिंगचा स्क्रू आवळत नेतात. स्लाइड इतकी वर येते की इंजिन सुईच्या पेट्रोलवर चालायला लागतं. मग एअर स्क्रूचा परिणाम तसाही दिसत नाही आणि चांगल्या जेटवर आळ येतो. गाडी जेमतेम जिवंत राहील इतकीच रेस ठेवून ही परीक्षा करा.

अर्धवट तुंबलेला जेटही स्क्रूला थोडी साथ देतो. तिथे शंका उरते. अशा वेळी ग्रीस कामाला येतं. गाडी चालू ठेवून कार्बोरेटरच्या फ्लँजच्या (हेडला बसणाऱ्या चपट्या कडेच्या) जोडावर बोटाने चारही बाजूंनी जाड ग्रीस भरायचं. ठोके बदलले, रेस आपोआप स्थिर झाली, की फट तिथेच आहे. काही जण जोडावर कार्बोरेटर क्लीनर फवारून रेस बदलते का ते ऐकतात. परीक्षा बरोबर आहे, पण तापलेल्या इंजिनाशेजारी पेट घेणारा फवारा मला नको वाटतो. पेट्रोल तर कधीच शिंपडू नका.

कानालाही फरक कळतो. हवा ओढणाऱ्या गाडीला रेस देऊन मूठ सोडली तर रेस पटकन उतरत नाही, वर रेंगाळते आणि मग सावकाश खाली येते. आयडलिंग आज एक, उद्या दुसरं. थंड असताना एक, तापल्यावर दुसरं. (अर्थात मुठीची केबल अडकत नाही ना, हे आधी बघा.) तुंबलेल्या जेटच्या गाडीला असे लहरी चढउतार फारसे नसतात. मूठ सोडली की ती सरळ बंद पडते, रोज आणि तशीच.

गाडीचा अलीकडचा इतिहासही पुष्कळ सांगतो. दोन-तीन महिने उभी होती का? मग संशय जेटवर. फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या तळच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येऊ लागलं. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे उभ्या गाड्यांचं दुखणं वाढलंय. उलट, दुखणं कार्बोरेटर उघडून बसवल्यावर सुरू झालं असेल तर आधी जोड तपासा.

माझ्या १९९४ च्या बुलेटचं असंच झालं. एका महिन्यात चार वेळा मी स्लो जेट साफ केला, आणि दर वेळी ‘आता हलणार नाही’ म्हणून फ्लँजचे दोन्ही नट थोडे जास्तच आवळले. शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कार्बोरेटर उतरवला, ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) काढली, फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि ट्यूबलाइटकडे करून म्हणाले, “बघा.” दोन्ही टोकांना पट्टी टेकलेली, आणि मधोमध उजेडाची बारीक रेघ. नटांनी फ्लँजचे कान हेडकडे ओढून वाकवले होते. मी जितका आवळत गेलो तितकी फट वाढत गेली होती.

त्यांनी जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात फिरवला, पट्टीखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत. मग सगळी भुकटी धुऊन नवी ओ-रिंग बसवली. ती खाचेच्या किंचित वर दिसली पाहिजे, हे त्यांनी बोट फिरवून दाखवलं. मधला इन्सुलेटर आणि पॅकिंग तपासलं, आणि नट आलटून पालटून, लहान पान्याने, बेताने आवळले. तेव्हापासून मीही मोठा पाना तिथे नेत नाही.

जेटच दोषी निघाला तर त्यात स्टीलची तार किंवा क्लचकेबलचा धागा घालू नका. पितळ मऊ असतं, भोक ओरखडून मोठं झालं की जेट वाया. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फार तर विजेच्या वायरीतला तांब्याचा एक केस वापरा. उजेडाकडे धरल्यावर ठिपका गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात, पण जेटच्या पुढची वाटही तुंबते. एअर स्क्रू काढून त्या भोकातून क्लीनर मारा. स्लाइडपुढच्या त्या बारीक छिद्रातून बारीक धार उडाली की वाट मोकळी. डोळ्यांवर चष्मा असू द्या, धार थेट तोंडावर येते.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. कार्बोरेटरऐवजी आलेल्या पेट्रोल इंजेक्शनवर शिकलेल्या मुलांनी हे पितळी भाग हाताळलेलेच नसतात, त्यांना दोष देता येत नाही. म्हणून जुनी गाडी ठेवणाऱ्याने एवढं तरी स्वतः शिकावं असं मला मनापासून वाटतं. हवा ओढणारी गाडी नुसती रेस वाढवून चालवत राहिलं तर मिश्रण पातळच राहतं, इंजिन जास्त तापतं, आणि जुन्या पिस्टनला ते परवडत नाही.

दोष गेला की सेटिंग. एअर स्क्रू अलगद टेकवून दीड फेरा बाहेर काढा आणि गाडी पूर्ण गरम करा. मग थोडा आत-बाहेर करून रेस जिथे सगळ्यांत जास्त आणि स्थिर लागेल तिथे सोडा. वाढलेली रेस आयडलिंगच्या स्क्रूने उतरवा. पॉइंटच्या (जुन्या पद्धतीच्या ठिणगीच्या) गाडीत अँपिअरचा काटा आता ठोक्याठोक्याला हलताना दिसेल. ठोके मोजता येतील इतकं खाली आणायचा मोह होतो, पण ऑइल पंप इंजिनावरच फिरतो, रेस कमी तर तेलही कमी. म्हणून रेस तिथून जराशी वरच ठेवा.