क्रम विसरलेला शब्दकोश

इंग्रजी शब्दकोशाला ‘क्यू-यू’ने सुरू होणारे शब्द विचारा, दहा सेकंदांत पान हाती लागतं. पण ‘ज्यात जे आणि क्यू ही दोन्ही अक्षरं कुठेतरी आहेत असा शब्द सांग’ म्हटलं, की तो गप्प. असा शब्द त्यात असतो. ‘जॉनक्विल’ हे नर्गिसच्या जातीतलं एक पिवळं फूल. मात्र तो ‘जे’च्या पानांत बसलेला असतो आणि त्याच्या पोटात क्यू आहे हे शब्दकोशाला ठाऊक नसतं. त्याची सगळी शिस्त पहिल्या अक्षरापासून पुढे चालते. आपला प्रश्न मात्र क्रमाबद्दल नाहीच.

मग उपाय काय? शब्दांतला क्रमच पुसून टाकायचा.

‘लिसन’ घ्या. त्याची सहा अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली तर ई, आय, एल, एन, एस, टी अशी रांग होते. ‘सायलेंट’ची लावा, हीच रांग. ‘एनलिस्ट’ आणि ‘टिन्सेल’चीही हीच. (हे चार शब्द देवनागरीत लिहिले की ते भावंडं आहेत असं कुणालाही वाटणार नाही. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचा संसार किती वेगवेगळा आहे, हे असं अचानक कळतं.) एकदा सगळ्या शब्दकोशाच्या अशा रांगा करून ठेवल्या, की कुठलीही अक्षरं द्या, ती क्रमाने लावून त्या रांगेपाशी जायचं. तिथे सगळी भावंडं एकत्र सापडतात. मेहनत एकदाच, नंतर फक्त बघणं.

पण ही युक्ती नेमकी तेवढीच अक्षरं असलेल्या शब्दांपुरती. ‘ही अक्षरं तर हवीतच, बाकी काही का असेना’ असा प्रश्न असेल तर दुसरी वाट धरावी लागते. त्यातली मला सर्वांत आवडणारी शाळेच्या गणितातून येते. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या: ए म्हणजे २, टी म्हणजे ३, सी म्हणजे ५, आर म्हणजे ७. शब्दातल्या संख्यांचा गुणाकार करा. ‘कॅट’ झाला ३०. ‘अ‍ॅक्ट’ही ३०, कारण गुणाकाराला क्रमाचं सोयरसुतक नसतं. आता ‘कार्ट’ पाहा: २१०. त्याला ३०ने भाग जातो, म्हणजे ‘कॅट’ची तिन्ही अक्षरं त्यात आहेत. भागाकार येतो ७, म्हणजे उरलेलं अक्षर आर! कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या जुन्या सिद्धांतावर हा सगळा डोलारा उभा आहे. अडचण एवढीच की संख्या भराभर फुगतात. सव्विसावी मूळ संख्या १०१. ती झेडला दिली तर ‘पिझॅझ’मधल्या चार झेडांचाच गुणाकार १० कोटींच्या वर जातो.

संगणकाला याहून साधी गोष्ट मानवते. भिंतीवर २६ बटणांची पट्टी आहे असं समजा. शब्दात जे अक्षर आहे त्याचं बटण चालू, नाही त्याचं बंद. प्रत्येक शब्द म्हणजे २६ शून्य-एकांची एक रांग, आणि ती संगणकाच्या एका ३२ बिटांच्या संख्येत आरामात मावते. तुमच्या अक्षरांची रांग शब्दाच्या रांगेवर ठेवायची आणि तुमची सगळी चालू बटणं खालीही चालू आहेत का, हे पाहायचं. ही तपासणी प्रोसेसर एक-दोन सूचनांत उरकतो. दोन शब्दांत एकही अक्षर समान नाही, हेही तसंच कळतं. किंमत एकच: अक्षर एकदा आलं की दोनदा, हे बटणाला सांगता येत नाही.

मराठीत ही पट्टी लावायची तर आधी भांडण मिटवावं लागेल. ‘रामाला भाला मारा’ उलटसुलट सारखं वाचता येतं ते आपण ‘रा’, ‘मा’ यांना एकेक अक्षर धरतो म्हणून. संगणकात मात्र र वेगळा साठवला जातो आणि काना वेगळा. बटणं कुणाची लावायची?

बटणांचं खरं कर्तृत्व २०२२मध्ये दिसलं. ब्रिटनमध्ये राहणारे ऑस्ट्रेलियन गणितप्रसारक मॅट पार्कर यांनी एक कोडं घेतलं: पाच अक्षरी पाच शब्द शोधायचे, एकही अक्षर पुन्हा न येता. म्हणजे २६पैकी २५ अक्षरं वापरायची. सुमारे ३ लाख ७० हजार शब्दांच्या यादीतून पाच वेगवेगळ्या अक्षरांचे शब्द निवडले, भावंडांपैकी एकेकच ठेवलं, तेव्हा उरले ५,९७७. किरकोळ वाटतात? त्यांतून पाच-पाचाचे गट सहावर सोळा शून्यांपेक्षाही जास्त होतात. सेकंदाला एक अब्ज गट तपासले तरी दोन वर्षं लागतील. पार्कर यांच्या प्रोग्रॅमने अर्थातच इतकं सरधोपट काम केलं नाही, तरी लॅपटॉप महिनाभर राबत होता. उत्तरं मिळाली ५३८.

हे जाहीर झाल्यावर लोकांनी तो वेळ आधी मिनिटांवर, मग सेकंदांवर आणि शेवटी मिलिसेकंदांवर आणला. बटणं तर होतीच, पण खरी मेख वेगळी होती. एकच अक्षर सोडायची मुभा आहे ना? मग सर्वांत दुर्मीळ दोन अक्षरांपैकी, समजा क्यू आणि जे यांपैकी, एक तरी वापरावंच लागणार. म्हणून सुरुवात फक्त त्या मूठभर शब्दांपासून करायची. पुढच्या पायरीला उरलेल्यांत जे सर्वांत दुर्मीळ, त्याचे शब्द. गर्दीच्या ई-एला हात लावायची वेळ येते तोवर बहुतेक वाटा बंद झालेल्या असतात.

स्वरांचीही टंचाई आहेच. पाच स्वर आणि कधीमधी स्वराचं काम करणारा वाय, एवढ्यावर पाच शब्द जगवायचे. एका प्रसिद्ध उत्तरात फ्योर्ड, गक्स, निम्फ, वॉल्ट्झ यांना एकेकच मिळालाय. ‘वायबेक्स’ने, म्हणजे त्वचेखालच्या रक्तस्रावाच्या रेघेने, दोन घेतले. त्या उत्तरात क्यू गळला, आणि ते साहजिक आहे. क्यूच्या मागे यू येतो, त्याच्यामागे आणखी एक स्वर, मग इतरांनी काय करायचं? ज्या उत्तरांत क्यू टिकतो, त्यांतल्या एकाचे पाच शब्द असे: ब्रिक, ग्लेंट, जंपी, वोझ्द आणि वक्फ्स. रशियन नेत्याला म्हणतात तो वोझ्द. शेवटचा म्हणजे अरबीतून आलेला, आपल्या ओळखीचा वक्फ. इंग्रजी कोशांत तो क्यूने लिहितात, मागे यू न लावता, आणि अनेकवचनाला शेपटी एसची.