वीर्यतपासणीचं सॅम्पल डबीत कसं आलं

लॅबमध्ये डबी हातात देताना सांगतात, आधीचे २ ते ७ दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको, सॅम्पल देताना तेल-क्रीम वापरू नका, साधा कंडोम तर नकोच, आणि सगळं वीर्य डबीतच पडू द्या. ऐकताना पुरुष पार अवघडून जातो. पण हा अवघडलेपणा जुना आहे बरं.

१६७७ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लीवेनहूक नावाच्या संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्र लिहिलं, त्यात त्याने आवर्जून सांगितलंय की हे वीर्य बायकोशी संबंध आल्यानंतरचं आहे, कुठलंही पाप करून मिळवलेलं नाही, आणि विद्वानांना किळस येणार असेल तर हे खुशाल बाजूला ठेवा.

पुढे दोनशे वर्षं होत आली तरी मूल होत नाही म्हटलं की तपासणी बाईचीच. १८६६ मध्ये सिम्स या डॉक्टरने संबंधानंतर बाईच्या शरीरातून नमुना काढून शुक्राणू बघायची पद्धत मांडली, १९१३ मध्ये ह्यूनरने ती रूढ केली. म्हणजे बघायचं नवऱ्याचं आणि टेबलावर झोपायचं बायकोने! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

थेट वीर्यातले शुक्राणू मोजायचं काम १९२९ मध्ये मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी केलं, रक्तपेशी मोजतात तशाच पद्धतीने. १९५१ मध्ये मॅकलिऑडने मूल असलेल्या आणि नसलेल्या हजार-हजार पुरुषांचे काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, शेजारी ठेवले, आणि एका मिलिलीटरला किमान २ कोटी हा आकडा तिथून डॉक्टरांच्या तोंडी बसला.

पण एका लॅबचा रिपोर्ट दुसरीशी जुळेना, कोण कसं मोजणार आणि सॅम्पल कसं घेणार याचा मेळच नव्हता, म्हणून १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॅन्युअल काढलं, २०२१ ची आवृत्ती सहावी. डबीबरोबर मिळणाऱ्या सूचना मुख्यतः त्यातूनच येतात. दिवस ठरवून दिलेत कारण कमी दिवसांत काउंट कमी येतो आणि जास्त झाले की हालचाल मंदावते. घरून आणायचं असेल तर डबी अंगाशी धरून, तासाच्या आत आणा म्हणतात, कारण गारठ्याने आणि उशिराने शुक्राणू सुस्तावतात. आणि सगळ्यात जास्त शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात, त्यामुळे नेमके तेच बाहेर सांडले तर काउंट उगाच कमी दिसतो, तेव्हा सांडलं तर डबी देताना तसं सांगा, ते रिपोर्टवर लिहून घेतात किंवा दुसरं सॅम्पल मागतात.