एका लाइनीवर सगळं ऑफिस

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर बरीच वर्षं एक चिठ्ठी चिकटवलेली होती : 'हा बंद करू नये.' अक्षर मुनीमजींचं. तो बंद झाला की आतल्या खोलीतल्या दोन्ही मशीनचं नेट जायचं. दुकानाचं नेटवर्क मीच बसवलेलं, त्यामुळे बोलणी मलाच.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते महानगरांत. आमच्याकडे ते अंगवळणी पडलं बीएसएनएलच्या संचारनेट या फोनवरून चालणाऱ्या नेटमुळे. १७२२३३ हा नंबर लावायचा, मोडेम किंचाळायचा आणि तोवर दुकानाचा फोन एंगेज. नेटच्या तासांचे पैसे वेगळे, फोनचं बिल वेगळं. मोंढ्याचा सगळा सौदा फोनवर. सोयाबीनच्या हंगामात फोन अडवून बसणारं नेट मालकाच्या डोळ्यांत खुपायचंच. मग दुसऱ्या मशीनसाठी दुसरी लाइन कोण घेणार?

पण प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता, पत्त्यांचाही होता. नेटवरच्या मशीनला आयपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये एजवँग आणि फ्रान्सिस या दोघांनी 'आरएफसी १६३१' या टिपणात 'नॅट'ची युक्ती मांडली, तीही तात्पुरता उपाय म्हणून.

मोंढ्यातल्या माणसाला ती समजावणं सोपं. खेड्यातल्या शेतकऱ्याचं पत्र 'मार्फत अमुक आडत दुकान' असं यायचं. बाहेर पत्ता दुकानाचा. कुणाचं पत्र कुणाला द्यायचं हे मुनीमजींना ठाऊक. नॅट हेच करतं. आतल्या कुठल्या मशीननं काय मागवलं याची पोर्ट नंबरनिशी, म्हणजे प्रत्येक मागणीला दिलेल्या क्रमांकानिशी, नोंद ठेवतं आणि आलेलं उत्तर बरोबर त्या मशीनकडे धाडतं. आतल्या मशीनसाठी कुणीही वापरावेत असे खासगी पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये पक्के झाले. सगळ्यांच्या ओळखीचे १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते त्यातलेच.

हे काम विंडोजमध्येच करता येऊ लागलं ते १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून. मोडेम लावलेलं मशीन स्वतः १९२.१६८.०.१ व्हायचं आणि बाकीच्यांना पत्ते वाटायचं. म्हणजे मुनीमजींचा कॉम्प्युटर बसला की सगळेच बसले. चिठ्ठी लागली ती त्यामुळे.

त्याआधी मशीन एकमेकांना जोडणारी काळी कोअॅक्सिअल केबल आठवली की अजून डोकं दुखतं. प्रत्येक मशीनमागे टी आकाराचा जोड, दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाची टोपणं. झाडू मारताना एक टोक निसटलं की सगळी रांग ठप्प, आणि निसटलंय कुठं ते शोधायला टेबलाखाली सरपटायचं. सगळ्या तारा एकत्र आणणारा हब आणि आरजे-४५ पिनची तार आल्यावर एक तार गेली तर एकच मशीन जाऊ लागलं. मग क्रिम्पिंगची, म्हणजे तारेच्या टोकाला पिन दाबून बसवायची, सवय झाली. आतल्या आठ तारांचा क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... पुढचे चार आजही झोपेत सांगेन.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. नेट चालू असताना फोनही चालू! मोंढ्यात कौतुक वेगाचं कमी, याचंच जास्त. सुरुवातीला मोडेम ब्रिज मोडमध्ये असायचा, म्हणजे डायल करायचं ते कॉम्प्युटरनंच. पुढे तो राउटर मोडमध्ये घेतला, म्हणजे डायल करणं आणि नॅट दोन्ही तोच करू लागला, आणि मुनीमजींच्या मशीनची जबाबदारी संपली. भारनियमनाच्या त्या दिवसांत हा बदल मोठा होता, कारण छोटा मोडेम इन्व्हर्टरवर तासन् तास निघायचा. चिठ्ठी मात्र कुणी काढली नाही.

३ फेब्रुवारी २०११ ला आयपी पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. आता नेट पुरवणाऱ्या कित्येक कंपन्या स्वतःच नॅट लावून अनेक गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवतात. मालकाला गोदामाचा कॅमेरा घरून पाहायचा असतो आणि बाहेरून डीव्हीआरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्यापर्यंत, थेट पोचताच येत नाही. पत्ता आपला नाहीच, हे पटवण्यात माझा अर्धा दिवस जातो.

गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. मुनीमजींनी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. रेंज खिडकीतच येते, म्हणून फोन खिडकीत ठेवला. मी मशीनवर पत्ता पाहिला : १९२.१६८ नंच सुरू होणारा. फोनखाली कागद होता, अक्षर तेच : 'हा उचलू नये.'