गहू

तृण कुलातील ट्रिटिकम प्रजातीच्या लागवडीतील जाती व त्यांचे धान्य. जगात पिकणाऱ्या गव्हापैकी सु. ९५% पावाचा गहू (ट्रि. ईस्टिव्हम) असतो, उरलेला बहुतेक ड्यूरम असून त्याचा रवा व पास्ता करतात.

उत्पत्ती : प्रजातीची मूळ गुणसूत्रसंख्या ७ आहे. एकदाणी गहू द्विगुणित (१४ गुणसूत्रे), खपली व ड्यूरम चतुर्गुणित (२८), तर पावाचा गहू षट्गुणित (४२) आहे. त्यात तीन गवतांचे ए, बी व डी असे जीनसंच (गुणसूत्रांचे पूर्ण संच) एकत्र आले आहेत. ए संच ट्रि. उरार्टू या रानटी गव्हाचा, हे सर्वमान्य आहे. डी संच एजिलॉप्स टाउशाय या गवताचा असल्याचे जपानमध्ये किहारा यांनी व अमेरिकेत मॅकफॅडन आणि सिअर्स यांनी १९४०–५० या दशकात स्वतंत्रपणे दाखवले. बी संचाबद्दल मात्र एकमत नाही. एजिलॉप्स स्पेल्टॉइडीस ही जाती पेशीद्रव्याच्या साम्यामुळे सर्वांत जवळची ठरते. परंतु संकरात तिच्या गुणसूत्रांच्या जोड्या बी संचाशी नीट जुळत नाहीत. त्यामुळे तिच्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या शाखेकडून तो आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

षट्गुणित गहू रानटी अवस्थेत कोठेही सापडत नाही. खपलीची लागवड कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्येस पोहोचल्यावर शेतातच हा दुसरा संकर (ए व बी संचांच्या पहिल्या संकरातून आलेल्या खपलीचा एजिलॉप्स टाउशायशी) घडला असावा, काळ सु. ८–९ हजार वर्षांपूर्वीचा मानतात. इतकी मोठी घटना मानवी शेतीच्या आश्रयाने घडावी, हे या पिकाचे खरे वैशिष्ट्य होय. एकदाण्याचे मूळ आग्नेय तुर्कस्तानातील काराजादाग डोंगरात सांगतात. खपलीसाठी तोच प्रदेश व दक्षिण लेव्हंट (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा दक्षिण भाग) असे दोन पक्ष आहेत. दाणे न गळणाऱ्या ओंब्यांचे (लागवडीच्या गव्हाची खूण) प्रमाण उत्खननांत फार सावकाश वाढताना दिसते, हे पाहता लागवड अनेक ठिकाणी सुरू झाली हा अनेक केंद्रांचा सिद्धांत पुराव्याशी अधिक जुळतो.

लागवड : मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशात. तांबेरा हा प्रमुख रोग. नोरिन-१० या जपानी वाणातील बुटकेपणाचे जीन वापरून अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी न लोळणारे, खताला प्रतिसाद देणारे वाण तयार केले.

व्यापार : वार्षिक उत्पादन सु. ८० कोटी टन असून त्याचा साधारण चौथा भाग देशाबाहेर विकला जातो. रशिया, यूरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका व युक्रेन हे मोठे निर्यातदार. ईजिप्त व इंडोनेशिया मोठे आयातदार. प्रतवारी दाण्याचा कठीणपणा व प्रथिनांवर ठरते. वायदेबाजाराचे जुने केंद्र शिकागो (स्थापना १८४८). तेथील एक बुशेल म्हणजे ६० पौंड गहू. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनची बंदरे बंद पडली, तेव्हा मार्चमध्ये शिकागोतील भाव विक्रमी पातळीवर गेले. जुलैत इस्तंबूल येथे झालेल्या कराराने काळ्या समुद्रातील धान्यवाहतूक पुन्हा सुरू झाली; २०२३ च्या जुलैत रशिया त्यातून बाहेर पडला.